जुनी गाडी, मीठ आणि गंज : तुमचे अनुभव सांगा

पुतण्या मिशिगनला शिकायला आहे. गाडीशिवाय तिथं किराणाही आणता येत नाही म्हणे, म्हणून जुनी गाडी शोधतोय. परवा व्हिडिओ कॉलवर एक दाखवली. रंग झकास, आतून स्वच्छ, भावही बेताचा. मग म्हणाला, "काका, इथं सगळे म्हणतात गंज बघून घे. म्हणजे नक्की कुठं बघू?" मला काय कपाळ कळणार! आपण कोल्हापुरात इंजिनचा आवाज ऐकतो, टायर बघतो, पासिंग कुठलं ते विचारतो आणि चहा पिऊन इसार देतो.

त्यातच आमच्या गल्लीत एकानं एमएच ०८, म्हणजे रत्नागिरी पासिंगची गाडी आणलीय आणि कट्ट्यावर तोच विषय चाललाय. तेव्हा बर्फातलं मीठ असो, समुद्राचं असो की पंचगंगेचा पूर, पत्रा खाल्लेली गाडी ज्यांनी बघितली, दुरुस्त केली, घेतली किंवा सोडून दिली त्यांनी लिहा. कुठं हात घातला आणि काय सापडलं, एवढंच. "नवीच घ्या" हा सल्ला घरून रोज मिळतो, तो नको.

मंगळवार पेठ, सध्या डेट्रॉइटजवळ

तुमच्या पुतण्याच्याच राज्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी खातं ते मीठ. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून इथं खडेमीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या पोटातच सुमारे १,२०० फूट खोल मिठाची खाण आहे, त्यामुळे हात आखडता घेण्याचं कारण नाही. साधं मीठ उणे ९ अंशांच्या आसपासपर्यंत नीट काम करतं. थंडी त्याखाली गेली की कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. ही दोन्ही हवेतला ओलावा ओढून घेतात, म्हणजे रस्ता कोरडा दिसला तरी गाडीच्या सांध्यांत चिकटलेला थर ओलाच. कडाक्याच्या थंडीत गंज सावकाश चढतो, मार्च-एप्रिलमध्ये ऊब आली की त्याला जोर येतो. जी गाडी मिठासकट रोज गरम गॅरेजमध्ये जाते तिचंही तेच.

पुतण्याला सांगा, वरून बघण्यात वेळ घालवू नको. जुने कपडे, टॉर्च आणि पाठीखाली पुठ्ठा. सगळ्यात आधी ब्रेकचे पाईप. ते बारीक, पोलादी. मागच्या चाकांकडे जाताना बऱ्याच गाड्यांत पेट्रोलच्या टाकीवरून जातात आणि नेमके तिथंच दिसत नाहीत. दिसतो तो भाग नुसता तांबूस असेल तर घासाघीस करायला मुद्दा मिळाला. पण फुगून पापुद्रे सुटत असतील तर सरळ सोडून दे, कारण असा पाईप फुटतो तो जोरात ब्रेक दाबल्यावर. मग इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन ज्या चौकटीवर बसतं तो सबफ्रेम, आणि दाराखालची सिल, म्हणजे दारांच्या खालून पुढून मागे जाणारी पत्र्याची पट्टी. मागच्या चाकाच्या कमानीपाशी सिल संपते, त्या कोपऱ्यात माती आणि मीठ साचून बसतं. तिथं बाहेर फोड दिसली तर बहुतेक वेळा आत पत्रा उरलेला नसतो. आजच्या मोटारींना वेगळी चॅसिस, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नसते, बॉडीच सगळा भार पेलते, म्हणून सिल गंजली की प्रश्न रंगाचा राहत नाही.

पिकअप घेणार असेल तर चॅसिसवर हातोडीनं टकटक करायची. टोयोटाच्या टॅकोमा वगैरे गाड्यांच्या चॅसिस गंजण्यावरून इथं मोठा दावा चालला आणि २०१६ मध्ये तडजोड झाली. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठं आरपार भोक सापडलं तर चॅसिस बदलून द्यायची, असं त्यात ठरलं होतं. म्हणजे हा विषय किती दूर गेलेला आहे बघा.

आणि खालून ताजा, काळाकुळकुळीत थर मारलेला दिसला की आधी संशय. गंजावरच डांबरी कोट मारून विकणारे इथंही आहेत. चॅसिस नंबरवरून गाडीच्या इतिहासाचा रिपोर्ट विकत मिळतो, कोणत्या राज्यात किती काळ नोंद होती ते कळतं. मी स्वतः दक्षिणेकडच्या राज्यातली गाडी घेतली. छताचा रंग उन्हानं उडालेला, पण खालचे बोल्ट पान्यानं सरळ सुटतात. इथल्या मेकॅनिकला हे फार मोठं सुख वाटतं.

उद्यमनगर

मी डेंटिंग-पेंटिंग करतोय, वडलांपासनं धंदा हाय. गिऱ्हाईक येतंय आणि म्हणतंय, "मामा, जरा फुगलंय, टचअप मारा." आता लोखंडाचा गंज झाला की त्यो जास्त जागा घेतोय, म्हणून वरचा रंग उचलतोय. त्यो फुगा खरवडला की खाली चाळण. इमानानं काम करायचं म्हणजे सडलेला पत्रा कापायचा, नवा वेल्ड करायचा, आतल्या बाजूनंबी प्रायमर मारायचा. विकायच्या गाडीला एवढं कोण करतंय? जाळी लावायची, पुट्टी भरायची, रंग मारायचा. एक पावसाळा गेला की परत फुगा, पर तोवर गाडी दुसऱ्याच्या दारात.

वळखायचं कसं ते सांगतो. लोहचुंबक घ्या, लई जोराचा नको, आणि रंगाला चरे पडू नयेत म्हणून रुमालात गुंडाळा. सिलवर, चाकाच्या कमानीवर, दाराच्या खालच्या काठावर फिरवा. चांगल्या पत्र्याला धरतोय, जाड पुट्टीवर गळून पडतोय. टिचकी मारली तर पत्रा टणकन वाजतोय, पुट्टी भद्द. दाराच्या खालच्या काठाला पाणी जायला भोकं असत्यात. त्यात माती बसली की पाणी आत तुंबतंय आणि दार आतनं सडतंय, म्हणून दाराचं आणि डिकीचं रबर उचलून बघायचं. मालक रबराला हात लावू देत न्हाई म्हणाला की चप्पल घालायची आणि निघायचं.

राजारामपुरी

वरच्या मामांच्या चुंबकाला एक पुस्ती. बंपर प्लास्टिकचा असतो, काही गाड्यांचे पुढचे मडगार्डही. महागड्या गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असू शकतं. तिथं चुंबक धरला नाही म्हणून मालकाशी भांडू नका. आमच्या दिरांनी भर रस्त्यात हा कार्यक्रम केलेला आहे.

गडहिंग्लज तालुका, फौजेतून निवृत्त

लडाखमध्ये गाड्या चालवल्या आहेत. "बर्फातली गाडी नको" असं सरसकट म्हणू नका. आमच्या वेळी तिथं डोझरनं बर्फ बाजूला सारायचे, रस्त्यावर मीठ टाकलेलं मी पाहिलं नाही. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, पत्र्याला फारसं काही होत नाही. त्रास असतो बॅटरीचा आणि गोठणाऱ्या डिझेलचा. खडकाळ रस्त्यानं सस्पेन्शनची आणि त्याच्या सांध्यांतल्या बुशांची (रबरी गाद्यांची) वाट लागते, ती तपासा. माझ्या मते तिथल्या गाडीपेक्षा गगनबावड्याच्या पावसात वर्षानुवर्षं उघड्यावर उभी असलेली गाडी जास्त धोक्याची.

शाहूपुरी (माहेर देवगड)

रत्नागिरी पासिंग, सिंधुदुर्ग पासिंग म्हटलं की इथले एजंट लगेच भाव पाडतात. पण एमएच ०८ मध्ये लांजा आणि संगमेश्वरही येतात, ते काही समुद्रावर नाहीत. माझ्या माहेरी खाडीच्या तोंडाशी खिडकीचे गज दर दोन-तीन वर्षांनी रंगवावे लागतात, आणि आत डोंगराकडे मावशीच्या घरी तेच गज कितीतरी वर्षं टिकतात. गाडीचंही तसंच. उलट एमएच ०९ ची गाडी नोकरीनिमित्त मालवणात किंवा गोव्यात दहा वर्षं राहून आलेली असू शकते आणि नंबरप्लेट कोल्हापूरचीच असते! म्हणून सर्व्हिसिंगची बिलं मागा. बिलावर गावाचं नाव असतं.

आम्ही जी गाडी बघितली तिचे मालक सज्जन होते, काही लपवत नव्हते. मी डिकीतलं स्टेपनी टायर बाहेर काढायला लावलं, तर खळग्यात बारीक वाळू आणि तळाशी तांबडं पाणी. पायाखालचं मॅटिंग उचललं, ड्रायव्हरच्या बाजूला सांध्याच्या रेषेवर पापुद्रे. मिस्त्री म्हणाले, वरवरचं असतं तर घासून निघालं असतं, हे स्क्रूड्रायव्हरच्या दाबानं आत जातंय. आम्ही त्यांच्याकडचे आंबे घेतले, गाडी घेतली नाही.

शिरोली, ट्रान्सपोर्ट

जुना टेम्पो घेणाऱ्यांसाठी. मालवण-रत्नागिरीहून मासळी आणणारा टेम्पो असेल तर फाळका आणि हौदा बघून खूश होऊ नका, हौद्याच्या तळाखाली जावा. बर्फ वितळून खारट पाणी रोज चॅसिसवर ठिबकतं, आणि आडव्या पट्ट्या जिथं जोडलेल्या असतात त्या बेचक्यात सुकतं. तिथली रिव्हेटची डोकी गळालेली असतात. मालक विकायच्या आधी हौदा बदलतो आणि वर "फक्त भाजीला होता" म्हणतो. नाक लावा. मासळीचा वास फळीतून जातो, चॅसिसच्या बेचक्यातून जात नाही.

नागाळा पार्क, विम्याचं काम

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, दोन्ही वेळा पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं आणि शिरोलीपाशी महामार्गही बंद पडला. त्या काळात पाण्यात राहिलेल्या गाड्या अजून फिरताहेत, बऱ्याचशा दुसऱ्या जिल्ह्यांत जाऊन आल्या आहेत.

पुराच्या पाण्यात समुद्रासारखं मीठ नसतं. पण गाळ असतो आणि तो ओल धरून बसतो. म्हणून गंजाच्या जागा वेगळ्या. समुद्रकाठच्या गाडीत खालून बघायचं, पुरातल्या गाडीत आतून. सीट पूर्ण मागे सरकवून रुळांचे बोल्ट बघा. डॅशबोर्डखाली डोकं घालून स्टिअरिंगच्या दांड्याजवळचे ब्रॅकेट बघा, पावसाचं पाणी तिथं सहजासहजी पोचत नाही. तिथं गंज असेल तर गाडी बुडाली होती असं धरून चालायला हरकत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर गढूळ रेघ सापडते. जुन्या गाडीत गालिचा तेवढा नवा असेल तर का, ते विचारा.

कागदही बोलतात. मागच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) एकदम शून्यावर आला असेल तर क्लेम कशाचा होता ते मालकाकडून लेखी घ्या.

रत्नागिरी पासिंगवाला (गल्लीतला तो मीच)

धागा आधी वाचला असता तर बरं, असं आता घरचे म्हणताहेत, पण मी गाडी पिटवर चढवून बघूनच घेतली होती. ब्रेकचे पाईप, सिल, चॅसिस नंबरची जागा सगळं ठीक. गंज आहे तो सायलेन्सरला आणि मागच्या एक्सलवर, वरवरचा. आता प्रश्न एकच. पावसाळ्याआधी खालून कोटिंग मारून घेऊ का? एकजण आजच मारतो म्हणाला.

उद्यमनगर

आज नको. आधी वॉशिंग सेंटरला खालनं गोड्या पाण्याचा फवारा मारून घ्या, सिलच्या आणि चाकाच्या बेचक्यातली माती निघूस्तोवर. मग दोन-तीन दिवस कडक उनात वाळू दे. गंज तारेच्या ब्रशनं घासायचा, प्रायमर मारायचा, मग कोटिंग. ओल्या गंजावर कोट मारला तर वरनं काळं दिसतंय आणि आत काम चालूच. सायलेन्सरवर आणि ब्रेकवर मारू देऊ नका. आणि मारणाऱ्याच्या शेजारी उभं ऱ्हावा, दाराची आणि सिलची पाण्याची भोकं त्यो हमखास बुजवतोय.