जर्मनला इंग्रजीपेक्षा मराठी जास्त कामी येते
‘इंग्रजी कच्चं असेल तर जर्मनच्या वाटेला जाऊ नये’ असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं, ते पटलं नाही. पुस्तकं इंग्रजीतून समजावतात, तेवढी अडचण खरी. पण मी नाशकात संध्याकाळची जर्मनची ए-वनची, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची, बॅच घेते. निम्मी मुलं सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली शिफ्ट संपवून येतात, डबा खाऊन थेट वर्गात. ‘मुलगी’साठी जर्मन शब्द ‘मेड्शेन’ आणि तो नपुंसकलिंगी, हे इंग्रजी माध्यमवाल्यांना विनोद वाटतो. मागच्या बाकावरचा एक निफाडचा पोरगा म्हणाला, “मग काय मॅडम, आपण नाही का म्हणत, ते पोरगं, ते लेकरू?” अगदी तसंच आहे ते! ‘शेन’ हा लाडाचा, लहानपणाचा प्रत्यय, तो लागला की शब्द नपुंसकलिंगी.

वाक्यरचनेतही तेच. ‘वाइल इश क्रांक बिन’ म्हणजे शब्दाला शब्द ‘कारण मी आजारी आहे’, क्रियापद शेवटी. इंग्रजीतून विचार करणारे इथेच हमखास अडखळतात. अर्थात सगळंच जुळत नाही. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आहे, तिथे घोकंपट्टीच.