कोर्स कशाला, साइटवर सगळं येतं?

इथे वर एकाने लिहिलंय की सुतारकामात चार वर्षं काढली की सगळं येतं, इंटिरियरच्या कोर्सचे पैसे वाया. हातच्या कामापुरतं मान्य. मी मात्र धंद्यात असतानाच, पस्तिशीत, संध्याकाळचा डिप्लोमा केला. रंगसंगतीबिंगती विसरलो (बायकोला विचारा), पण ड्रॉइंग कामाला आलं.

आधी गिऱ्हाईक बोटाने भिंत दाखवायचं, मी मान डोलवायचो आणि काम झाल्यावर "असं नव्हतं सांगितलं" सुरू. आता एलिव्हेशनवर (भिंत समोरून कशी दिसेल त्याचं मापासकट ड्रॉइंग) गिऱ्हाइकाची सही घेतल्याशिवाय प्लायला करवत लावत नाही. उलटा फायदाही आहे, तो इथे कुणी लिहिला नाही: डिझायनरची चूक कागदावरच दिसते. ८ बाय ४ फुटी प्लायच्या शीटमधून २४ इंच रुंदीच्या दोन पट्ट्या निघत नाहीत, कापताना ब्लेड ३ मिमी खातं. पावणेचोवीस धरलं तर निघतात. ड्रॉवरला दोन्ही बाजूंनी चॅनेलचा (ज्या पट्टीवर ड्रॉवर सरकतो ती) अर्धा-अर्धा इंच सोडलेला नसतो, हेही नेहमीचंच. पूर्वी अशा वेळी मुकाट्याने नवीन शीट आणायचो, आता डिझायनरशी त्याच्याच भाषेत फोनवर बोलतो.

नुसतं थ्रीडी रेंडर (कॉम्प्युटरवर काढलेलं खोलीचं खऱ्यासारखं चित्र) शिकवणाऱ्या कोर्सला जाऊ नका.