मदत हवी आहे: नाडी शिरेत का लागत नाही?

नमस्कार मंडळी. रविवारी लेकीबरोबर पर्वती चढलो. वर पोचताच तिने माझी नाडी मोजली, मिनिटाला 124! (पोहे जरा जास्तच झाले होते.) मग म्हणाली, "बाबा, मनगटावरच्या या निळ्या शिरांत ठोका का नाही लागत?" धमनीची भिंत जाड, लवचिक, हृदय आकुंचन पावलं की ती फुगते आणि तोच ठोका, एवढं सांगितलं. रक्ताचा बराचसा दाब केशवाहिन्यांच्या (सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांच्या) आधीच, धमन्यांच्या बारीक फांद्यांत, म्हणजे धमनिकांत उतरतो म्हणे. पण का? आणि दाबच उरला नाही, तर पायातलं रक्त वर चढतं कसं? शिरांत रक्त मागे येऊ न देणाऱ्या झडपा आहेत, ठीक, पण ढकलतं कोण? सातवीच्या पोरीला पटेल असं उदाहरण कुणी देईल का? सोसायटीच्या टाकीचं दिलं, ते तिने हाणून पाडलं.