पृष्ठरज्जू: तो की ती, आणि नेमका कोण?

मास्तरीणबाई, चोपडा: अकरावीच्या पोरांसाठी मराठीत टिपणं काढतेय. लिहिलं, ‘माणसाच्या गर्भात पृष्ठरज्जू (नोटोकॉर्ड, पाठीतला आधाराचा दांडा) असतो, पुढे त्याच्या जागी मणके येतात.’ एकाचे वडील कंपाउंडर. वहीवर शेरा आला: ‘मॅडम, पृष्ठरज्जू गेला तर माणूस लुळा पडेल!’ त्यांच्या डोक्यात पाठीतली नस. चूक त्यांची की शब्दाची?

तापीकाठचा: ती नस म्हणजे मज्जारज्जू. पुस्तकात चेतारज्जू. एका पाठीत इतके रज्जू, गुंता होणारच. चेतारज्जू पोकळ, पाठीच्या बाजूला. पृष्ठरज्जू भरीव, तिच्याखाली.

वेळूवाला: रज्जू शब्दच फसलाय. दोर लुळा पडतो. हा तर फुगलेल्या पेशी घट्ट आवरणात कोंबलेला ताठ दांडा. वाकतो, पण आखूड होत नाही. अँफिऑक्सस हा माशासारखा छोटा समुद्री जीव त्याच्याच जोरावर वाळूत शिरतो. पृष्ठवंशातला वंश म्हणजे वेळू. तो शब्द हाडांना देऊन बसलो, हक्क याचा होता.

पिंजारगल्ली, धरणगाव: मूळ ग्रीक शब्दात दोर नाहीच. ‘नोटॉन’ म्हणजे पाठ, ‘खोर्डे’ म्हणजे आतड्याची तार. आपल्याकडे तिला तात म्हणतात! आजोबा कापूस पिंजायचे. धनुकलीवर ठोका पडला की तात अशी घुमायची की पलीकडच्या ओट्यावर ऐकू जाई. पृष्ठतात म्हणा, विषय संपला.

शुद्धलेखक: संपला कसा? रज्जू संस्कृतात स्त्रीलिंगी. ‘पृष्ठरज्जू असते’ लिहा.

तापीकाठचा: वर्गात ‘तो’च चालतो हो. आता संस्कृतला विचारून बोलायचं का?

मास्तरीणबाई, चोपडा: अहो, कंपाउंडरना काय उत्तर देऊ?

वेळूवाला: सांगा, पूर्ण गेलेला नाही. दोन मणक्यांमधल्या चकतीतला मऊ गाभा त्याचीच खूण. माझी आई वाकली ती सरळच होईना. शेजारीण म्हणाली, ‘मनका सरकना.’ मणका जागेवरच होता, गाभा बाहेर आला होता.

शुद्धलेखक: म्हणजे ‘मणका सरकला’ हेही चूकच.

पिंजारगल्ली, धरणगाव: अख्खं खानदेश म्हणतं, चूक कसं? पृष्ठरज्जू असणाऱ्या प्राण्यांना पुस्तकात ‘समपृष्ठरज्जू’ म्हणतात, तुम्ही आधी त्यातला ‘सम’ सांगा. कुणाशी सम? वर तो बॅलॅनोग्लॉसस, समुद्रातला किडा, म्हणे ‘अर्धसमपृष्ठरज्जू’. त्याच्या सोंडेतली कांडी तर खरी पृष्ठरज्जूही नाही.

शुद्धलेखक: खरा नाही की खरी नाही?