नोकरी सांभाळून सीसीएनए आणि ग्राहकाशी लेखी संवाद : अभ्यास कशावरून करावा?

प्रश्न – सोलापूरचा_सपोर्ट
नमस्कार. बी.एस्सी. संगणकशास्त्र करून मी दोन वर्षे डेस्कटॉप सपोर्टचे काम करत आहे. केबल क्रिम्प करणे, प्रिंटर जोडणे, पासवर्ड बदलून देणे यापलीकडे कामाची मजल जात नाही, म्हणून सीसीएनए ही सिस्को कंपनीची नेटवर्किंगची प्रमाणपत्र परीक्षा देण्याचे ठरवले आहे. एका क्लासने सांगितलेले चाळीस हजार रुपये शुल्क मला परवडणारे नाही. रोज रात्री दोन तास मात्र मिळतात. दुसरी अडचण अशी की बिघाड मला दुरुस्त करता येतो, पण त्याबद्दल ग्राहकाला इंग्रजीत ईमेल लिहायचा म्हटले की अर्धा तास जातो. दोन्ही गोष्टी घरबसल्या कशावरून शिकाव्यात?

प्रतिसाद – राउटिंग_पुणे
क्लासला पैसे भरण्याआधी सिस्को नेटवर्किंग अकॅडमीच्या संकेतस्थळावर खाते उघडा. तेथून पॅकेट ट्रेसर हा संगणकावर आभासी जाळे उभारण्याचा प्रोग्राम विनामूल्य घेता येतो आणि तो साध्या लॅपटॉपवरही चालतो. संकल्पनांसाठी एनपीटेल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील आयआयटी खरगपूरचा ‘कॉम्प्युटर नेटवर्क्स अँड इंटरनेट प्रोटोकॉल’ हा अभ्यासक्रम उत्तम आहे, मात्र त्याची धाटणी विद्यापीठीय असल्याने परीक्षेच्या दृष्टीने जेरेमीज आयटी लॅबची यूट्यूबवरील मालिका क्रमाने पाहणे अधिक सोयीचे. सीसीएनएची २००-३०१ ही परीक्षा १२० मिनिटांची असून तिच्यात सर्वाधिक, म्हणजे २५ टक्के, भार आयपी कनेक्टिव्हिटीला, म्हणजे मुख्यतः राउटिंगला (एका जाळ्यातून दुसऱ्यात जाण्याचा मार्ग ठरवणे), आहे. सबनेटिंग, म्हणजे मोठ्या जाळ्याच्या पत्त्यांचे लहान गट पाडणे, कागदावरच करा : /२६ म्हटले की ६४ पत्ते, त्यांतले ६२ वापरण्याजोगे, हे कॅल्क्युलेटर न उघडता सुचले पाहिजे.

तरीही माझे ठाम मत आहे की चालू जाळे आपल्या हाताने मोडून पाहिल्याशिवाय हा विषय येत नाही. आमच्याकडे एकदा ट्रंकवर (अनेक व्हीलॅनची वाहतूक एकत्र नेणाऱ्या, दोन स्विचमधील जोडणीवर) नवे व्हीलॅन (एकाच जाळ्यातील वेगळा आभासी गट) वाढवताना मी आज्ञेत ‘ॲड’ हा शब्द लिहिला नाही. त्यामुळे जुनी परवानगी-यादी पुसली जाऊन तेवढे एकच व्हीलॅन उरले, आणि सकाळी लेखा विभागातील प्रत्येक संगणकावर डीएचसीपीचा, म्हणजे सर्व्हरने आपोआप दिलेला, पत्ता मिळण्याऐवजी १६९.२५४ ने सुरू होणारा, सर्व्हर न सापडल्यास संगणक स्वतःच घेतो तो पत्ता दिसू लागला. हीच चूक पॅकेट ट्रेसरमध्ये मुद्दाम करा आणि ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ने शोधून काढा.

प्रतिसाद – सेवा_व्यवस्थापन_ठाणे
वरच्या प्रसंगाचाच ईमेल लिहून पाहा. आपला अर्धा तास इंग्रजीमुळे जात नसावा. काय सांगायचे हे आधी ठरलेले नसते, म्हणून तो जातो. कोणाचे काम अडले, केव्हापासून केव्हापर्यंत, कशामुळे, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केले, एवढे प्रथम मराठीत चार वाक्यांत लिहा. लेखा विभागाच्या प्रमुखांना ट्रंक म्हणजे काय हे कळण्याची गरज नसते. ‘काल रात्रीच्या बदलात आमच्याकडून एक नोंद चुकली, ती ९.५५ ला दुरुस्त केली, यापुढे प्रत्येक बदल दुसरा अभियंता तपासेल’ हे त्यांना पुरते. चूक आपली असेल तर ‘काही तांत्रिक कारणास्तव’ असे कधीही लिहू नये, कारण त्या शब्दांनी ग्राहकाचा विश्वास सर्वांत लवकर उडतो. संभाषण आणि मुलाखतीच्या तयारीसाठी एनपीटेलवर आयआयटी रुडकीचा ‘सॉफ्ट स्किल्स’ हा अभ्यासक्रम आहे. तो विनामूल्य पाहता येतो, शुल्क पडते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी.

प्रतिसाद – सोलापूरचा_सपोर्ट
दोघांचाही मनापासून आभारी आहे. काल रात्री दोन स्विच जोडून तो बिघाड घडवला. पत्ता खरोखर १६९.२५४ ने सुरू झाला आणि कारण सापडायला मला चाळीस मिनिटे लागली. त्यावरचा चार वाक्यांचा मजकूर मराठीत लिहून ठेवला असून आज रात्री त्याचे इंग्रजी करणार आहे. ते येथे टाकले तर कृपया तपासून द्याल का?