शब्दचर्चा : 'रोस्टर'ला मराठीत काय म्हणावं?

खडूफळा
शाळेच्या मूळ प्रणालीतली विद्यार्थी, शिक्षक, तुकड्या यांची माहिती ऑनलाइन वर्गाच्या किंवा ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरला ठरावीक साच्यात पोचवायची असेल, तर 'वनरोस्टर' हे मानक वापरतात. त्याची मराठी मार्गदर्शिका शाळांमधल्या लिपिकांसाठी करायची आहे. 'रोस्टर' तसंच ठेवलं तर चालेल का? 'एनरोलमेंट', 'क्लास', 'कोर्स' आणि 'सिंक' हेही अडले आहेत.

बोरूबहाद्दर
तसंच मुळीच ठेवू नका. आपल्याकडे शाळेच्या कार्यालयात रोस्टर म्हणजे बिंदुनामावली. शंभर बिंदू, कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गाला, मागासवर्ग कक्षाकडून तपासणी, ते सगळं. 'रोस्टर अपलोड करा' असं लिहिलंत तर लिपिक शिक्षकांच्या आरक्षणाचं रजिस्टर काढून बसेल, आणि चूक त्याची नसेल. 'नामावली'ही त्याच कारणाने बाद.

'वनरोस्टर' हे विशेषनाम आहे, ते राहू द्या. आतल्या यादीला 'पट' म्हणा. पटावर घेणे, पटावरून कमी करणे, पटसंख्या, पटनोंदणी, २०११च्या ऑक्टोबरातली पटपडताळणी, हे सगळं कार्यालयाच्या तोंडी आहे. नवा शब्द घडवायची गरजच नाही.

शून्यलंब
व्युत्पत्तीची एक गंमत. इंग्रजीत 'रोस्टर' आला डच भाषेतून, आणि तिथे त्याचा मूळ अर्थ मांस भाजायची लोखंडी जाळी. आडव्या-उभ्या रेघा आखलेला तक्ता त्या जाळीसारखा दिसतो म्हणून यादीला ते नाव पडलं. आपला पट मुळात कापड, तेही आडव्या-उभ्या धाग्यांचं. दोन्ही शब्दांचं नातं काही नाही, पण चित्र जुळतं.

नुसता 'पट' तोकडा वाटतो. 'हजेरीपट' का नको?

विदागार
कारण त्यात हजेरी नाही. या मानकाचे तीन भाग आहेत: पट, गुणनोंद आणि अध्ययनसाहित्य. कोण हजर, कोण गैरहजर हे त्यात कुठेच येत नाही. 'हजेरीपट' लिहिलंत की पहिल्याच आठवड्यात विचारणा येईल, कालची हजेरी दिसत का नाही. तोकडा वाटत असेल तर 'विद्यार्थी पट' म्हणू नका, शिक्षकही त्यात असतात. 'शाळेचा पट' म्हणा.

आता 'एनरोलमेंट'. इथे शब्द चुकला तर कामही चुकतं, म्हणून सविस्तर लिहितो. या मानकात विद्यार्थ्याच्या ओळीत त्याची तुकडी लिहिलेली नसते. व्यक्तींची फाइल वेगळी, वर्गांची वेगळी, आणि 'ही व्यक्ती या वर्गात या नात्याने आहे' हे सांगणारी तिसरी फाइल वेगळी. ही तिसरी म्हणजे एनरोलमेंट. शिक्षकाचीही त्यात ओळ असते, फक्त भूमिकेच्या रकान्यात विद्यार्थीऐवजी शिक्षक. त्यामुळे 'प्रवेश' हे भाषांतर चुकीचं ठरतं. प्रवेश शाळेत होतो, एकदा होतो. ही नोंद मात्र एका मुलाच्या नावावर सात-आठ असू शकतात, जितके विषय तितक्या.

बोरूबहाद्दर
मग 'पटनोंद' म्हणा. मराठी-विज्ञान-गणिताच्या वर्गांत एका मुलाच्या तीन पटनोंदी, हे लगेच कळतं.

आणि त्या नोंदीच्या स्थितीसाठी तर आपल्याकडे तयार जोडी आहे: दाखल आणि खारीज. दाखल-खारीज रजिस्टर प्रत्येक लिपिकाने हाताळलेलं असतं.

विदागार
खारीज अगदी नेमका शब्द आहे. मानकात स्थिती दोनच: चालू, आणि 'काढून टाकायची आहे'. दुसरीचं भाषांतर काही ठिकाणी 'हटवलेले' असं वाचलं. ते चूक. पाठवणाऱ्याने ओळ पुसलेली नसते, घेणाऱ्याने ती काढावी असा निरोप असतो. खारीज केलेलं नाव जुन्या रजिस्टरातही लाल शाईत राहतंच की.

पण एक धोका मार्गदर्शिकेत ठळक लिहा. फाइली दोन तऱ्हांनी पाठवतात. 'संपूर्ण' पाठवता तेव्हा स्थितीचा रकाना रिकामा असतो, आणि जी ओळ फाइलमध्ये नाही ती खारीज समजली जाते. 'फक्त बदल' पाठवता तेव्हा स्थिती आणि शेवटच्या बदलाची तारीख भरावीच लागते. संपूर्ण फाइल मधेच तुटली, ८०० मुलांऐवजी ३५० ओळी गेल्या, तर उरलेली ४५० मुलं तिकडून गुपचूप बाहेर पडतात. घेणाऱ्या बाजूला मर्यादा लावून ठेवावी: एका वेळी पाच-दहा टक्क्यांहून जास्त नावं कमी होत असतील तर थांब आणि माणसाला विचार.

मूल ब तुकडीतून अ मध्ये गेलं तर जुन्या पटनोंदीतला वर्ग खोडून नवा लिहू नका. जुनी खारीज, नवी दाखल, नव्या ओळखक्रमांकासह. नाहीतर ब मधले त्याचे गुण अ च्या खात्यात दिसू लागतात.

खडूफळा
दाखल, खारीज, पटनोंद, तिन्ही घेतले. 'क्लास'ला 'वर्ग' म्हणायला हरकत नाही ना?

शून्यलंब
हरकत आहे. 'वर्ग' मराठीत फार ओझं वाहतो. आठवीचा वर्ग म्हणजे इयत्ता, वर्गात बसा म्हणजे खोली, वर्गशिक्षक म्हणजे तुकडीचा शिक्षक, आणि रक्कम वर्ग केली म्हणजे पाठवली. एका मार्गदर्शिकेत चारही अर्थ आले तर वाचणाऱ्याचं काय होणार?

विदागार
मानकात 'कोर्स' म्हणजे 'इयत्ता आठवी, विज्ञान', आणि 'क्लास' म्हणजे 'आठवी ब ला अमुक शिक्षक या सत्रात शिकवतात ते विज्ञान'. कोर्सला 'विषय' म्हणून भागणार नाही, कारण विज्ञान हा विषय पाचवीतही असतो. 'इयत्ता-विषय' म्हणा. क्लासचे दोन प्रकार आहेत: तासिकांचा, आणि रोज हजेरी घेतात तो मूळ गट. दुसऱ्याला 'तुकडी', पहिल्याला 'तासिका-गट'.

बोरूबहाद्दर
'तासिका-गट' कानाला खडबडीत लागतो, पण अर्थ पक्का आहे. चालेल.

'सिंक'ला मात्र 'माहिती वर्ग करणे' लिहू नका. रक्कम वर्ग झाली की पहिल्या खात्यातून कमी होते, माहिती दोन्हीकडे राहते. 'मेळ घालणे' बरं. मूळ प्रणालीला 'मूळ दप्तर' म्हणा. दुरुस्ती करायची ती मूळ दप्तरात, मग मेळ. तिकडच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव सुधारलंत तर रात्री पुन्हा जुनंच येऊन बसतं, आणि लिपिक म्हणतो प्रणाली खराब आहे.

खडूफळा
ओळखक्रमांकासाठी हजेरी क्रमांक घ्यायचा असं एका मसुद्यात आहे.

विदागार
खोडा ते. हजेरी क्रमांक दर जूनला बदलतो. जनरल रजिस्टर क्रमांक, म्हणजे प्रवेशाच्या वेळी शाळेच्या नोंदवहीत मिळतो तो, त्या शाळेपुरता वेगळा, पण दुसऱ्या शाळेतही ४३१२ असतोच. शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक, मग रेघ, मग जनरल रजिस्टर क्रमांक अशी जोडी करा, आणि एकदा दिली की बदलू नका. पेन किंवा अपार हे विद्यार्थ्याला देशपातळीवर मिळणारे क्रमांक ओळखक्रमांक म्हणून नकोत, त्यांच्यासाठी इतर ओळखींचा वेगळा रकाना आहे.

अपार बारा अंकी आहे. ती फाइल एक्सेलमध्ये उघडली की बारा अंकी संख्या दशांशचिन्ह आणि घातांकाच्या रूपात दिसते, आणि तशीच जतन केली तर शेवटचे अंक कायमचे गेले. देवनागरी नावांचीही तीच गत. सांकेतन (अक्षरं साठवायची पद्धत, एन्कोडिंग) चुकीचं धरलं की नावांच्या जागी चित्रविचित्र खुणा. फाइल नुसती उघडू नका, डेटा आयात करून रकान्याचा प्रकार 'मजकूर' निवडा आणि सांकेतन यूटीएफ-८ ठेवा.

शून्यलंब
देवनागरीवरून आठवलं. 'कुऱ्हाडे' मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: ऱ ला हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना एकच, संगणकाला दोन वेगळी आडनावं. युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणानेही, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याच्या प्रक्रियेनेही, ते एक होत नाहीत. नावावरून जुळणी करणाऱ्या प्रणालीत एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात त्या अशा.

विदागार
म्हणूनच नावावरून जुळणी करूच नये. नावाचे तीन रकानेही नीट सांगा: स्वतःचं नाव, मधलं, आडनाव. आपली जुनी रजिस्टरं आडनावापासून सुरू होतात, त्यामुळे पहिला शब्द नाव समजून फाइल केली की अख्खी शाळा उलटी होते.

शैक्षणिक वर्षाच्या रकान्यात २०२५-२६ लिहायचं नाही, वर्ष जिथे संपतं तो आकडा, म्हणजे २०२६. ही चूक हमखास होते.

खडूफळा
शेवटचं. शाळांच्या फाइलला 'संस्था' आणि त्यातल्या 'डिस्ट्रिक्ट'ला 'जिल्हा' लिहिलंय.

बोरूबहाद्दर
दोन्ही बदला. महाराष्ट्रात संस्था म्हणजे शाळा चालवणारी शिक्षण संस्था. शाळा तिच्याखाली येते. आणि अमेरिकेतला स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे शाळा चालवणारं प्राधिकरण, महसुली जिल्हा नव्हे. आपल्याकडे त्या जागी संस्थेचं नाव येईल. जिल्हा परिषदेच्या शाळांपुरता 'जिल्हा' योगायोगाने जुळतो, एवढंच.

विदागार
आणि हे सगळे मराठी शब्द मार्गदर्शिकेत आणि पडद्यावर. फाइलच्या पहिल्या ओळीतली रकान्यांची नावं, 'डिस्ट्रिक्ट'सारखी ठरलेली मूल्यं आणि फाइलींची नावं मूळ इंग्रजी स्पेलिंगात, लहान-मोठ्या अक्षरांसकट जशीच्या तशी. 'खारीज' असं रकान्यात टंकलं तर फाइल परत येईल. झिप करताना फोल्डर नव्हे, आतल्या फाइली निवडून झिप करा. फोल्डर आत गेलं की प्रणालीला एकही फाइल सापडत नाही.