क्लबहाऊस मारिओ स्पर्धा: ३-१ च्या हातोडेवाल्यांवरून ग्रुपवर झालेली चर्चा

बी-२०४ काका: सर्वांना नमस्कार. काल चवथीच्या स्पर्धेत जो सेमी-फायनल झाला, त्याचा निकाल आम्हाला मान्य नाही. सुपर मारिओच्या ३-१ मध्ये, म्हणजे तिसऱ्या जगाच्या पहिल्या टप्प्यात, विटांवर ते दोन हातोडे फेकणारे हातोडेवाले उड्या मारत असतात, तिथेच आमच्या मुलाचे तिन्ही जीव गेले. हातोडा कधी येईल ते कोणालाच कळत नाही. मग हा नशिबाचाच खेळ झाला ना? त्यात टीव्ही ऐनवेळी कोणी बदलला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. फेरसामना हवा.

सेक्रेटरी: काका, निकाल कमिटीने एकमताने दिला आहे. तक्रार रजिस्टरमध्ये लिहा, बैठकीत घेऊ.

ए-२०२ काका: ३-१ च्या शेवटच्या पायऱ्यांवरचं कासव चालणार की नाही, ते आधी लेखी द्या.

सी-४०२ दादा: काका, मुलाचं वाईट वाटलं, पण नशिबाचा भाग थोडाच आहे. हातोडा कधी सुटेल ते सांगता येत नाही, हे खरं. पण सुटल्यावर तो दरवेळी तीच कमान घेतो, आधी वर, मग पुढे, मग खाली. मधल्या अंतरावर थांबून राहिलं की तो नेमका डोक्यात बसतो. अगदी जवळ गेलं तर वरून निघून जातो. मुलं घाबरून मधेच थांबतात आणि तिथेच मरतात.

बी-३०३ वहिनी: थांबण्यात आणखी एक धोका आहे. बराच वेळ कोणी पुढे गेलं नाही की हातोडेवाले स्वतःच अंगावर चालून येतात. ८-३ मध्ये तर याचा फार त्रास होतो.

बी-२०४ काका: पण मग मारायचं कसं? डोक्यावर उडी मारायला गेलं तर वर चाललेला हातोडाच लागतो.

बी-३०३ वहिनी: म्हणून वरून जायचंच नाही. तो विटांच्या खालच्या ओळीवर उतरला की त्याच्या बरोबर खाली जाऊन वीट ठोकायची. मारिओ छोटा असेल तर वीट फुटत नाही, पण वरचा मरतोच. मात्र ठोकून लगेच बाजूला व्हा, कारण दुसरा जिवंत असेल तर तो विटांतून आरपार खाली येतो. दोघे एकदम वरच्या ओळीवर गेले, तर मारत बसू नका. बी बटण दाबून धरा आणि खालून पळत पार व्हा. नवशिक्या मुलांसाठी हाच मार्ग बरा.

ए-१०१ आजोबा: वरून पडणाऱ्या वस्तूंचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, गेटजवळच्या माडाचे नारळ कोण पाडणार? पाडेल्याला तीन वेळा सांगून झालं.

सी-२०३: आजोबा, माझ्या गाडीच्या काचेवर एक पडला तेव्हा ग्रुपवर सगळे गप्प होते. बरं आहे, आज तरी आठवण झाली.

सेक्रेटरी: माडाचा विषय वेगळा घेऊ, कृपया.

ए-२०२ काका: ३-१ च्या शेवटच्या पायऱ्यांवरचं कासव चालणार की नाही?

सी-१०१ काकू: रविवारी ५ ते ७ हॉलमध्ये भजनाची तालीम आहे, महिनाभर आधी वहीत लिहिलंय. काल पेटीवर गेमच्या पॅडच्या वायरी टाकलेल्या होत्या. मी काढून ठेवल्या, बोलले नाही.

सी-४०२ दादा: काकू, वायरी आमच्या मुलांनीच टाकल्या असतील, पुन्हा होणार नाही. फायनल ४ वाजता संपवू. बी-२०४ काका, टीव्हीबद्दल तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे. या पिवळ्या कॅसेटच्या कन्सोलचा सिग्नल जुना ॲनालॉग. सपाट टीव्ही तो मोठा करून, गुळगुळीत करून दाखवतो आणि त्यात चित्र मागे पडतं. बटण दाबल्यावर उडी उशिरा दिसते. हातोड्यांसमोर तेवढा उशीरही महागात पडतो. सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो चालू करा आणि चित्र सुधारणारे बाकी सगळे पर्याय बंद करा. जुना डबा टीव्ही मिळाला तर हा प्रश्नच उरत नाही.

खजिनदार: जुना टीव्ही भंगारात देण्याचा ठराव कोणी मांडला होता, ते इतिवृत्तात आहे. मी नाव घेत नाही.

बी-२०४ काका: घ्या ना नाव! दुसऱ्या पोराकडे आगीचे गोळे सोडू देणारं फूल होतं, त्याबद्दल पण बोला.

बी-३०३ वहिनी: फुलानेही तुमचा मुलगा पार झाला असता असं नाही, काका. हातोडेवाला एका गोळ्यात मरतो आणि १००० गुण मिळतात, हे खरं. पण जमिनीवरून सोडलेला गोळा खालूनच टप्पे खात जातो, वरच्या ओळीवरचा त्याला सापडत नाही. उडी मारून त्याच्या उंचीवर गेल्यावर सोडावा लागतो. आपोआप भराभर गोळे सोडणारं टर्बो बटण दाबून धरणाऱ्यांनाही फायदा नाही, स्क्रीनवर एका वेळी दोनच गोळे राहतात.

सी-२०३: वहिनी, तुम्ही कमिटीत का नाही?

बी-३०३ वहिनी: विचारलं कोणी?

सी-४०२ दादा: या जोडीचं बाकी खानदान बघायला मुलांना नंतर सुपर मारिओ ब्रदर्स ३ द्या. १९८५ च्या पहिल्या भागात हातोडाच होता. १९८८ च्या तिसऱ्यात बूमरँगवाला आला, तो एकदा चुकवून भागत नाही, परत येताना पुन्हा चुकवावा लागतो. जाडा हातोडेवाला उडी मारून आदळला की जमिनीवरचा मारिओ हलूच शकत नाही, त्यामुळे तो आदळायच्या क्षणी आपण हवेत हवं. त्याच भागात हातोडेवाल्याचा पोशाख मारिओलाच घालायला मिळतो. २०१७ च्या सुपर मारिओ ओडिसीत तर हे गडी स्वयंपाकी होऊन तवे फेकतात. इतकी वर्षं टिकलेला साधा शत्रू आहे हा, मुलांनी त्याला नशीब म्हणून सोडू नये असं मनापासून वाटतं.

ए-२०२ काका: सगळं वाचलं. ३-१ च्या शेवटच्या पायऱ्यांवरचं कासव चालणार की नाही? तिसऱ्यांदा विचारतोय.

सेक्रेटरी: हे कासव म्हणजे नेमकं काय?

बी-३०३ वहिनी: टप्प्याच्या शेवटच्या झेंड्याच्या आधीच्या पायऱ्यांवरून दोन कासवं उतरतात. एकाला पायरीच्या कडेला कवचात बसवलं आणि त्यावर नेमकी उडी मारत राहिलं की कवच पायरीला आपटून पायाखाली परत येतं. गुण वाढत ८००० पर्यंत जातात, पुढे प्रत्येक उडीला एक जीव. दहा किंवा जास्त जीव झाले की आकड्याआधी मुकुट दिसतो. पण लोभ करून १२७ च्या वर गेलात तर गेम तो आकडा उणे धरतो आणि पुढच्या मरणाला थेट गेम ओव्हर.

ए-२०२ काका: म्हणूनच विचारत होतो! माझा नातू फायनलला आहे. समोरच्याने शंभर जीव जमवले तर आमच्या मुलाने बसून बघायचं?

सी-४०२ दादा: मुद्दा रास्त आहे. एकाने पायऱ्यांवर अर्धा तास घालवला तर काकूंची तालीमच बुडेल. माझ्या मते कासव बंद, आणि मुकुट दिसला की तो डाव बाद.

सेक्रेटरी: कमिटीशी बोललो. कासव बंद. फायनल रविवारी दुपारी २ वाजता, टीव्ही गेम मोडवर. बी-२०४ च्या मुलाला सेमी-फायनलची एक फेर-संधी १ वाजता, समोरच्या मुलाच्या पालकांनी संमती दिली आहे.

बी-२०४ काका: आभारी आहे. त्याला सरावासाठी थेट ३-१ ला कसं पोचवायचं?

बी-३०३ वहिनी: १-२ च्या शेवटी छतावर चढून बाहेरच्या पाइपच्या वरून पुढे जायचं, तिथे तीन पाइप आहेत. मधला तिसऱ्या जगात नेतो. आणि तिसऱ्या जगात गेम ओव्हर झाला तर सुरुवातीच्या स्क्रीनवर ए बटण दाबून धरून स्टार्ट दाबा, पुन्हा ३-१ पासूनच सुरू होतं.

सी-१०१ काकू: २ वाजता सुरू करा, ४ ला हॉल झाडून द्या. वायरी पेटीवर नकोत.

सी-२०३: आणि माड?